दोन आडव्या रेघा

आमच्या घरात चिठ्ठीवाचून डबा सापडायचा नाही. आमच्या सौभाग्यवतीचा तो नेमच आहे. आणि चिठ्ठी म्हणजे नुसते ‘रवा’, ‘साखर’ असले एकशब्दी काम नव्हे. ‘डाळीचे पीठ, जाडसर, लाडवांपुरतेच.’ ‘तांदूळ जुना, आधी हा संपवावा.’ ‘चकलीची भाजणी, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची, जिरे घातलेले नाहीत.’ हा शेवटचा मजकूर वाचून एकदा मला हसू आवरेना. डब्यात काय आहे ते लिहावे, हे समजू शकते. पण डब्यात काय नाही तेही लिहायचे, ही कुठली रीत? मी तसे बोलून दाखविले, तेव्हा हाताचे पीठ झटकत ती एवढेच म्हणाली, “अहो, आहे ते उघडल्यावर कुणालाही दिसतं. नाही ते कसं दिसणार?”

मी कॉलेजात मराठी शिकवितो. वादात हरलो म्हणजे विषय हसण्यावारी नेण्याची कला या धंद्यात माणसाला आपोआप येते. मी हसलो आणि वर्तमानपत्रात डोके घातले. त्या हसण्याची किंमत मला २०२४ सालच्या पावसाळ्यात मोजावी लागली. तीच हकीकत आज सांगायची आहे.

२०१२ साली आमच्या बी. ए. च्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून मी एक उद्योग आरंभिला होता. मावळातल्या गावांतून हिंडायचे आणि म्हाताऱ्याकोताऱ्या माणसांच्या तोंडचे शब्द टिपून आणायचे. वस्तू गेली की तिचा सारा शब्दपरिवार तिच्यामागून जातो. पाभर अडगळीत पडली की तिचे चाडे जाते. मोट थांबली की नाडा आणि सोंदूर ही जोडी जाते. प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर आला आणि इरले गेले. शब्द विचारता विचारता बायकांच्या तोंडून जात्यावरच्या ओव्याही येऊ लागल्या. या वाटेने आमच्या आधी मोठी माणसे गेली होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हन यांनी महाराष्ट्रभरच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. ‘पारी’ या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या वाचायला आणि ऐकायला मिळतात. तिथे ओवी असते आणि ओवीशेजारी ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव असते. आमचा संग्रह त्या डोंगरापुढे मुठीएवढा. नोंदी चार हजार दोनशेच्या आसपास. पण मूठ आमची होती.

पहिली तीन वर्षे हा संसार वह्यांत आणि बुटांच्या खोक्यांतल्या कार्डांवर चालला. २०१५ साली संगणकात गती असलेल्या एका विद्यार्थ्याने तो सगळा डेटाबेसमध्ये घातला. डेटाबेस म्हणजे कोष्टकांचे कपाट, एवढे समजले तरी पुरे. आमच्या कोष्टकाला सात रकाने होते: शब्द, अर्थ, उदाहरण, गाव, सांगणारा, वर्ष, आणि सातवा ‘अनु’. हा सातवा रकाना पुढे माझी झोप उडविणार आहे, म्हणून त्याचे नाव लक्षात असू द्यावे.

त्या विद्यार्थ्याने जाताना मला एक गोष्ट घोटून घोटून शिकविली होती. “सर, महिन्याच्या महिन्याला बॅकअप घ्या.” बॅकअप म्हणजे त्या कपाटाची एक लेखी प्रत. साधी मजकुराची फाइल. तिच्यात आधी कोष्टक कसे बांधायचे त्याचे हुकूम असतात आणि मग ओळीने एकेक नोंद. रिकाम्या डेटाबेसात ही फाइल घातली, की तो तिच्यातला एकेक हुकूम पाळीत पहिल्यासारखा उभा राहतो. ही प्रत काढताना संगणक विचारतो, झटपट काढू की सविस्तर? मी जन्माचा झटपटवाला. बटण दाबावे, फाइल पेनड्राइव्हवर टाकावी आणि कॅन्टीनला जावे. फाइलला नाव मात्र मी आवर्जून देई. पहिलीचे नाव ‘शब्द-नवे’. मग ‘शब्द-अंतिम’. मग ‘शब्द-अंतिम-खरे’. आणि सर्वांत शेवटी ‘शब्द-हेच-घ्यावे’. दर महिन्याचा नेम चार फायलींतच का संपला, ते कृपा करून विचारू नये.

२०२० च्या मार्चमध्ये करोनाने कॉलेज बंद पडले. शब्दांचा हा संसार ज्या भाड्याच्या जागेत थाटला होता तिचे वार्षिक भाडे भरायचे राहून गेले. तगाद्याची पत्रे ज्या ई-मेलवर येत होती तो मी उघडीत नव्हतो. दोष त्या लोकांचा नव्हे. बिऱ्हाडकरूने भाडे दिले नाही, त्यांनी खोली रिकामी केली. मला याचा पत्ता २०२४ च्या जुलैत लागला. कॉलेजने या संग्रहाची एक पुस्तिका छापायचे ठरविले, मी मोठ्या ऐटीने संकेतस्थळ उघडायला गेलो, आणि तिथे काहीच नव्हते.

पेनड्राइव्ह मात्र कपाटातल्या खणात सुखरूप होता. आमची कन्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला मी हाक मारली.

“बाबा, यातली कुठली घ्यायची?”

“अगं, ‘हेच-घ्यावे’ असं स्वच्छ लिहिलंय की.”

तिने ती फाइल उघडली. पहिल्या दहापंधरा ओळी दोन आडव्या रेघांनी सुरू होत होत्या. ज्या ओळीच्या आरंभी दोन आडव्या रेघा आणि नंतर एक मोकळी जागा असते, ती ओळ टीप समजायची, असा या लिखाणातला संकेत आहे. यंत्र त्या ओळीकडे पाहत नाही. सरळ पुढच्या हुकुमाकडे जाते. या टिपा यंत्राने स्वतःच लिहिलेल्या होत्या. प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव, त्याची आवृत्ती, प्रत काढल्याची तारीख आणि वेळ. म्हणजे चारांतली सर्वांत ताजी प्रत हीच होती. माझा ऊर भरून आला. पण कन्येने फाइल खाली सरकविली आणि आमचे दोघांचे चेहरे उतरले. मराठी शब्दांच्या जागी भलतेच काही दिसत होते. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’, त्याच्यापुढे चार काटे फुटलेले वर्तुळ, पुन्हा तोच ‘ए’, पुन्हा तसलेच वर्तुळ. अशी पानेच्या पाने!

तिने मला समजावून सांगितले ते असे. आपले देवनागरी अक्षर साठविताना संगणक तीन भाग वापरतो. रोमन अक्षराला एकच पुरतो. मधल्या कुणीतरी आपली लिपी रोमनच आहे अशा समजुतीने हे भाग एकेक करून वाचले आणि जसे वाचले तसेच लिहून ठेवले. त्यामुळे एका ‘क’चे तीन परके तुकडे झाले. हा मधला कुणीतरी म्हणजे मीच. २०२० च्या जानेवारीत संग्रह एका संगणकावरून दुसऱ्यावर हलविण्याचा पराक्रम मी केला होता, आणि तो बिघडलेला अवतार डोळ्यांनी न पाहता त्याचीच प्रत काढून तिला ‘हेच-घ्यावे’ असे नाव दिले होते.

‘अंतिम-खरे’ ही २०१९ च्या ऑगस्टमधली प्रत सुदैवाने शाबूत होती. कन्येने तासाभरात ती रिकाम्या डेटाबेसात लावली आणि इरले, सोंदूर, चाडे ही सारी मंडळी पडद्यावर परत आली. मी खुर्चीला पाठ टेकली. तेव्हा ती म्हणाली, “यंत्रानं त्याचं काम केलं होतं, बाबा. तारीख, वेळ, आवृत्ती, सगळं लिहून ठेवलं होतं. तुम्हीच काही लिहिलं नव्हतं.”

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे नव्हतेच; आणि खरा पेच तर पुढेच होता.

तो सातवा रकाना. ‘अनु’. त्यात प्रत्येक नोंदीपुढे शून्य, एक किंवा दोन यांपैकी एक आकडा. याचा अर्थ काय? मराठीच्या प्राध्यापकाला ‘अनु’वरून शब्द सुचायला किती वेळ लागतो? अनुक्रम, अनुवाद, अनुस्वार, अनुमोदन, अनुभव. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी कोश पालथा घालीत होतो. तो रकाना माझ्याच सांगण्यावरून केलेला होता, आणि मला त्याचा अर्थ आठवत नव्हता! जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो आता बँकेत अधिकारी आहे. फार अदबीने म्हणाला, “सर, रकाना मी आखला, पण आत काय भरायचं ते तुम्हीच सांगत होतात.” मूळ वह्या शोधल्या. विभागाची खोली बदलली तेव्हा त्या कुठल्या गठ्ठ्यात गेल्या ते कुणालाच सांगता येईना.

आणि मग एका रात्री मला ‘अनुमती’ हा शब्द आठवला आणि त्याच्याबरोबर एक चेहरा. २०१३ सालच्या उन्हाळ्यात एका गावात एक मावशी ओट्यावर बसून आम्हांला ओव्या सांगत होत्या. सासुरवासाच्या, झोंबणाऱ्या, एकीहून एक सरस. उठताना मी वही पुढे करून नाव विचारले, तेव्हा त्यांनी आत एकदा पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “वव्या न्या, दादा. पर माझं नाव कागदावर घालू नगा.” मी तसा शब्द दिला होता. असा शब्द मी आणखीही काही जणांना दिला होता. पण किती जणांना, आणि कोणाकोणाला?

पुस्तिकेत तर सांगणाऱ्यांची नावे छापायची, असे ठरलेले होते. कृतज्ञता म्हणून! ‘अनु’ म्हणजे अनुमती हे धरले, तरी कोणता आकडा होकाराचा? शून्य म्हणजे नकार असेल, किंवा विचारलेच नाही असे असेल. दोन म्हणजे नकार असेल, किंवा नावाबरोबर छायाचित्रालाही संमती असेल. उलटा तर्क केला तर ज्यांनी नको म्हटले त्यांचीच नावे छापून निघणार. मावशींच्या नोंदींपुढे दोनाचा आकडा होता. पण एका आठवणीच्या भरवशावर साऱ्या गावांची नावे छापखान्यात कशी पाठवायची?

शेवटी श्रावणातल्या एका रविवारी एस. टी. ने मी त्या गावी गेलो. घर सापडले. ओटा तोच होता. फरशी नवी होती. मावशी थकल्या होत्या, पण ओळखले. चहा झाला. मी भीत भीत विषय काढला.

“व्हय, नगं म्हनले हुते की,” त्या हसून म्हणाल्या. “तवा सासूबाई हुत्या ना आत. त्यांच्याच वव्या, आन् खाली माझं नाव! घरात ऱ्हाऊ दिलं असतं का मला?”

“आणि आता?”

“आता म्याच सासू झाले. घाला नाव. सुनंला दावते.”

आतून सुनेचे हसणे ऐकू आले. मीही हसलो, पण परतीच्या गाडीत बसल्यावर मनात निराळेच विचार येऊ लागले. दोन म्हणजे नकार, हे त्यांच्यामुळे कळले. पण त्यांनी आणखी एक गोष्ट शिकविली होती. नकाराला तारीख असते. २०१३ चा नकार २०२४ साली होकार झाला होता. नुसता आकडा लिहून भागत नाही. तो कधी लिहिला हेही लिहावे लागते.

आकड्यांची खात्री करून घेण्यासाठी मी आणखी दोघांना गाठले. एक निवृत्त गुरुजी. त्यांच्यापुढे एक होता. ते म्हणाले, “मी तर पत्त्यासकट घाला म्हणालो होतो!” दुसरे एक सुतारकाका, त्यांच्यापुढे शून्य. ते म्हणाले, “मला कुनी इचारलंच न्हाई.” किल्ली सापडली. दोनाचा आकडा असलेली माणसे एकोणीस निघाली. त्यांपैकी आठ जण भेटले. पाच जणांनी संमती दिली, तिघांनी पुन्हा नको म्हटले. उरलेले अकरा जण सापडले नाहीत. त्यांतले काही जण आता या जगात नाहीत. त्यांच्या ओव्या छापल्या, नावे छापली नाहीत. त्यांतल्या एखादीने आता ‘घाला नाव’ म्हटले असते का, हे कळण्याचा मार्ग उरलेला नाही. माझ्या आळसाची ही शिक्षा त्यांना का, हा प्रश्न मला अजून छळतो.

खरी शरम तर पुढेच आहे. मी वर्गात दरवर्षी पाठचिकित्सा शिकवितो. जुन्या पोथीच्या शेवटी नकलकार चार ओळी लिही; तिला पुष्पिका म्हणतात. पोथी कुणी उतरली, कोणत्या शकात, कुठे, कुणासाठी, हे तिच्यात असते. जसे समोर दिसले तसे उतरले, चुकले असेल तर दोष देऊ नये, पोथी पाण्यापासून आणि तेलापासून जपावी, असेही पुष्कळदा असते. ज्ञानेश्वरीच्या अखेरीला शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, हा काळ नोंदलेला आहे आणि लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव आहे. पुढे तीन शतकांत त्या ग्रंथात पाठभेद शिरले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तो शुद्ध केला आणि हे काम आपण कधी आणि का केले ते ओव्यांतच लिहून ठेवले. आज आपण त्या शुद्ध प्रतीविषयी काही बोलू शकतो ते त्या नोंदीच्या आधारावर. उलट महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी किल्ली हाती येईपर्यंत ते बाहेरच्या अभ्यासकाला बंद राहिले. त्यांनी निदान हेतूने कुलूप लावले होते. मी कुलूप लावले ते कॅन्टीनला जायची घाई होती म्हणून. वर्गात शके आणि पुष्पिका यांवर तासभर बोलणारा हा गृहस्थ घरी ‘शब्द-हेच-घ्यावे’ असे लिहून मोकळा होतो!

मग मी कन्येपुढे विद्यार्थी होऊन बसलो. प्रत काढताना ‘झटपट’ सोडून ‘सविस्तर’ निवडले, की तिथे एक चौकट येते. आपली स्वतःची टीप फाइलच्या माथ्यावर घालायची असेल तर ती या चौकटीत लिहावी. ओळ तोडायची असेल तिथे उलटी तिरपी रेघ आणि पुढे रोमन ‘एन’ लिहायचा. ही चौकट त्या पडद्यावर इतकी वर्षे होती. मी तिच्यापर्यंत कधी पोचलोच नव्हतो.

मला वाटले, झाले काम. पण कन्या म्हणाली, “बाबा, ही टीप फक्त या फाइलवर राहते. उद्या ही फाइल डेटाबेसात लावली की यंत्र टीप बाहेरच ठेवतं. त्या डेटाबेसाची पुढची प्रत काढाल तेव्हा ती तिच्यात नसेल.” म्हणजे ही डब्यावरची चिठ्ठी. पीठ दुसऱ्या डब्यात ओतले की चिठ्ठी जुन्याच डब्यावर राहणार. म्हणून दुसरी एक टीप रकान्यालाच बांधायची असते. रकान्याच्या नावापुढे त्याचा खुलासा लिहिण्याची सोय डेटाबेसातच असते. आमच्या माय-एस्-क्यू-एल् मध्ये रकान्याच्या खुलाशाला एक हजार चोवीस अक्षरांची मर्यादा आहे, कोष्टकाच्या खुलाशाला दोन हजार अठ्ठेचाळीस. हा खुलासा कोष्टक बांधण्याच्या हुकुमाचाच भाग असल्यामुळे तो प्रत्येक प्रतीत आपोआप उतरतो, आणि फाइल पुन्हा लावली की पुन्हा आत जातो. म्हणून अर्थ रकान्याला बांधावा आणि त्या त्या प्रतीची हकीकत माथ्यावर लिहावी. दोन्ही टिपा हव्यात.

या शिक्षणात माझ्या फजित्या पुष्कळ झाल्या. एकदा मी फाइल उघडून हातानेच टीप लिहिली; दोन रेघा काढल्या आणि त्यांना चिकटून ‘टीप’ लिहिले. फाइल लावताना १०६४ क्रमांकाची चूक दाखवून यंत्र अडून बसले. कारण रेघांनंतरची मोकळी जागा मी सोडली नव्हती. ती जागा नसली तर त्याला त्या रेघा वजाबाकीच्या वाटतात. दुसऱ्यांदा मला तिरपी रेघ, तारा आणि उद्गारचिन्ह यांनी सुरू होणाऱ्या काही ओळी दिसल्या. याही टिपाच असतील, काढून टाकू या, असे म्हणून मी हात घालणार, तोच कन्या ओरडली. त्या दिसायला टिपा असतात, पण माय-एस्-क्यू-एल् त्या हुकूम म्हणून पाळते. लिपी कोणती धरायची तेही त्यांतच सांगितलेले असते. आमच्या प्राचार्यांच्या ‘सहज सुचविले हो’ या शब्दांचा मी इतकी वर्षे जो अर्थ लावीत आलो, तोच हा प्रकार! तिसरी फजिती सर्वांत मोठी. टिपेत मी मोठ्या काळजीने लिहिले की अमुक अमुक बाईंचे नाव छापू नये. पूर्ण नाव घालून! कन्येने नुसते माझ्याकडे पाहिले. मी ती ओळ खोडली.

अशी चारपाच रात्री खटपट करून जी टीप तयार झाली ती खाली देतो. साहित्यगुण तिच्यात नाहीत. पण वीस वर्षांच्या लेखनात इतकी तोलून लिहिलेली वाक्ये माझ्या हातून दुसरी झाली नसतील.

-- मावळातील शब्द आणि ओव्या. नोंदी सुमारे ४,२००.
-- ऑगस्ट २०१९ च्या प्रतीवरून २०२४ मध्ये पुन्हा उभे केले. मधल्या काळातील नोंदी यात नाहीत.
-- ‘अनु’ म्हणजे अनुमती. ० विचारलेले नाही. १ नाव छापण्यास संमती. २ नाव छापू नये.
-- संमती कधी विचारली ते शेजारच्या ‘अनु-वर्ष’ या नव्या रकान्यात पाहावे. ० असेल तर २ समजून वागावे.
-- लिपी यूटीएफ-८. अक्षरे विचित्र दिसल्यास साठवू नये. बंद करून पुन्हा पाहावे.
-- ही प्रत रिकाम्या डेटाबेसात लावून पाहिली. सर्व नोंदी आल्या.

शेवटची ओळ कन्येच्या आग्रहाची. तिचे म्हणणे असे, की लावून पाहिलेली नाही ती प्रत म्हणजे नुसती आशा. माय-एस्-क्यू-एल् चा प्रत काढणारा जो मूळ प्रोग्रॅम आहे, तो काम पुरे झाल्यावर फाइलच्या तळाशी आपणहून एक टीप लिहितो: प्रत अमुक तारखेला पूर्ण झाली. ती ओळ दिसली नाही तर प्रत मध्येच तुटली असावी असे समजावे. ते ऐकून मला पोथीच्या शेवटच्या पानावरचे ‘समाप्त’ आठवले. ते पान हरवले की पोथी किती गेली, हेच कळेनासे होते.

२०२४ च्या लक्ष्मीपूजनाला, व्यापारी मंडळी नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ काढतात त्या वेळी, मी या टिपेसह संग्रहाची प्रत काढली. एक पेनड्राइव्हवर ठेवली, एक कन्येच्या संगणकावर, एक कॉलेजच्या ग्रंथालयात. कन्या पणत्या लावून आत आली आणि माझ्या खांद्यावरून वाचू लागली.

“बाबा, यंत्र यातलं एक अक्षरही वाचणार नाहीये, बरं का.”

“ठाऊक आहे,” मी म्हणालो.

चार हजार दोनशे नोंदी यंत्रासाठी होत्या. या सहा ओळी माझ्या जागेवर उद्या जो येईल त्याच्यासाठी होत्या. त्याचे नाव मला ठाऊक नाही. तो कदाचित आज शाळेत जात असेल. माझ्यासारखाच तोही कुठल्यातरी रात्री ‘अनु’ म्हणजे काय या विचाराने तळमळत पडू नये, आणि त्याच्या तर्कापायी कुणा मावशीचे नाव चुकून छापून निघू नये, एवढीच माझी इच्छा.

पुस्तिका पौषात निघाली. पहिली प्रत घेऊन मी त्या गावी जाऊन आलो. मावशींना वाचता येत नाही. सुनेने पान काढून बोट ठेवले, “हे बघा, आत्याबाई, हितं हाय तुमचं नाव.” त्यांनी त्या जागेवरून दोनदा बोट फिरविले आणि पुस्तिका देवापुढे नेऊन ठेवली.

यंदाच्या फराळाची तयारी घरी सुरू झाली आहे. परवा सौभाग्यवतीने माळ्यावरून डबा काढून माझ्या हाती दिला आणि म्हणाली, “माझा चष्मा आत राहिलाय. काय लिहिलंय तेवढं वाचा.” मी मोठ्याने वाचले, “चकलीची भाजणी, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची, जिरे घातलेले नाहीत.”

या खेपेस मी हसलो नाही. आत गेलो आणि जिऱ्यांचा डबा आणून दिला.